पेन्सिल्व्हानियांतील जुनीं जर्मन घराणीं व त्यांच्या मुळाचा शोध

आपला आजा कोण, पणजा कोण, तो कोणत्या गांवाहून आला, हें विचारावें असें ज्यास कधींच वाटलें नाहीं असा मनुष्य विरळा. ही जिज्ञासा तृप्त करण्याचीं साधनें आपल्याकडे नाहींत असें नाहीं. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, देशमुख-कुळकर्ण्यांचीं मोडी दप्तरें आहेत, कित्येक घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत छापून काढले आहेत. आणि ख्रिस्ती मंडळ्यांतून बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या नोंदवह्या पिढ्यान् पिढ्या ठेवण्यांत आल्या आहेत. परंतु ज्यांचे पूर्वज समुद्र ओलांडून परक्या राज्यांत गेले, ज्यांचीं नांवें परभाषेच्या कारकुनांनीं कानाला ऐकूं आलीं तशीं लिहून घेतलीं, आणि ज्यांच्यापैकीं पुष्कळांच्या वंशजांनीं पुढें आपली भाषाही टाकिली, त्यांनीं आपलें मूळ कसें शोधावें? इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींत जाऊन राहिलेल्या जर्मन लोकांच्या वंशजांपुढें हाच प्रश्न आहे. तो सोडविण्याची जी रीत त्यांनीं बसविली आहे ती समजून घेण्याजोगी आहे, म्हणून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हे लोक कोण व ते कां गेले, हें आधीं थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ६ ऑक्टोबर १६८३ रोजीं ‘कॉन्कॉर्ड’ नांवाचें जहाज फिलाडेल्फियास येऊन लागलें. त्यांत ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यांतील क्रेफेल्ड गांवचीं तेरा कुटुंबें होतीं. थोड्याच आठवड्यांपूर्वीं पास्टोरियस नांवाचा विद्वान वकील तेथें येऊन पोंचला होता. या सर्वांनीं शहराजवळ जी वस्ती वसविली ती जर्मनटाउन. येथील चौघांनीं, आणि त्यांत पास्टोरियस होता, १६८८ सालीं गुलामगिरीविरुद्ध एक लेखी निषेध आपल्या सह्यांनिशीं सादर केला. इंग्रजी वसाहतींतला अशा प्रकारचा तो पहिलाच कागद मानतात. परंतु ही आरंभींची टोळी लहान होती. खरा लोंढा पुढें लोटला तो पॅलॅटिनेट नांवाच्या प्रांतांतून व त्याच्या आसपासच्या वुर्टेंबर्ग, बाडेन, आल्सास, स्वित्झर्लंड या मुलुखांतून. पॅलॅटिनेटची भूमि द्राक्षमळ्यांची, परंतु फ्रान्सच्या फौजांच्या वाटेवरची. १६१८ पासून १६४८ पर्यंत चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धांत ती उजाड झाली. पुन्हां वसते न वसते तोंच १६८९ सालीं चौदाव्या लुईच्या सैन्यानें हायडेलबर्ग, मानहाइम, स्पायर, वोर्म्स या शहरांची राखरांगोळी केली. त्यांत १७०८-०९ चा हिंवाळा असा कडक पडला कीं द्राक्षांच्या वेली जागच्या जागीं गोठून मेल्या. १७०९ सालीं सुमारें तेरा हजार माणसें ऱ्हाईन उतरून लंडनला जाऊन ठेपलीं.

ॲन राणीच्या सरकारास या लोकांचें काय करावें हें समजेना. कांहींना आयर्लंडांत धाडिलें, कांहींना परत लाविलें, आणि सुमारें तीन हजारांना १७१० सालीं न्यूयॉर्क प्रांतांत पाठविलें. तेथें हडसन नदीच्या कांठीं पाइन वृक्षांपासून आरमारासाठीं डांबर काढावें अशी योजना होती. ती दोनच वर्षांत फसली. पण तिच्यामुळें एक गोष्ट शोधकांच्या उपयोगाची झाली: गव्हर्नर हंटर यानें या लोकांस जो शिधा दिला त्याचा कुटुंबवार हिशेब ठेविला, आणि तो शिल्लक राहिला आहे. भुकेल्या माणसाला दिलेल्या भाकरीचा जमाखर्च तीनशें वर्षांनंतर त्याच्या वंशजांना त्याचें नांव सांगतो, हा योग विलक्षण खरा. न्यूयॉर्ककडील हालांची वार्ता पसरल्यावर लोकांचा ओघ पेन्सिल्व्हानियाकडे वळला. १६८३ पासून १७७५ पर्यंत सुमारें एक लाख जर्मन भाषा बोलणारीं माणसें या वसाहतींत उतरलीं असा अंदाज आहे, व त्यांतलीं बहुतेक फिलाडेल्फियाच्या बंदरांत उतरलीं. त्यांच्या वंशजांस अजूनही ‘पेन्सिल्व्हानिया डच’ म्हणतात. त्यावरून हे लोक हॉलंडचे असावेत अशी समजूत होण्याचा संभव आहे. परंतु जुन्या इंग्रजींत ‘डच’ हा शब्द सर्व जर्मन भाषिकांस लावीत, आणि तो ‘डॉइच’ म्हणजे ‘जर्मन’ याच शब्दाचा सोयरा आहे.

एवढीं परकीं माणसें आलेलीं पाहून इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनांत धास्ती उत्पन्न झाली. १७२७ सालच्या सप्टेंबरांत पेन्सिल्व्हानियाच्या प्रांतिक कौन्सिलानें ठरविलें कीं यापुढें येणाऱ्या जहाजाच्या कप्तानानें उतारूंची यादी द्यावी, आणि त्या परदेशी पुरुषांनीं राजाशीं इमान राखण्याचें लिहून द्यावें. पुढें स्टुअर्ट घराण्याच्या दावेदारास मानणार नाहीं अशी दुसरी शपथही घेवविण्यांत येऊं लागली. अशा रीतीनें एका जहाजाच्या तीन याद्या झाल्या. एक कप्तानाची व दोन शपथांच्या. या याद्या स्ट्रासबर्गर व हिंके या दोघांनीं संपादून १९३४ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध केल्या, आणि मूळ सह्यांचीं छायाचित्रेंही त्यांत दिलीं. या शोधाचा पाया म्हणावा तो हाच ग्रंथ.

आतां या याद्यांत काय सांपडतें व काय सांपडत नाहीं तें नीट पाहिलें पाहिजे, कारण नवशिका शोधक येथेंच घसरतो. शपथ घ्यावयाची ती सोळा वर्षांच्या वरच्या पुरुषांनीं. म्हणून बायका नाहींत, मुलें नाहींत. कांहीं कप्तानांनीं आपल्या यादींत तीं लिहिलीं एवढाच काय तो अपवाद. जो त्या दिवशीं जहाजावर आजारी पडून होता त्याची सही नाहीं. मूळ गांवाचें नांव नाहीं. जहाज रॉटरडॅमहून निघून वाटेंत इंग्लंडच्या काउझसारख्या एखाद्या बंदराला लागून आलें, एवढेंच कळतें. तीन याद्यांपैकीं कप्तानाच्या यादींतलें नांव परक्यानें लिहिलेलें. जर्मन मनुष्यानें स्वतःच्या हातानें केलेली सही सांपडते ती शपथांच्या यादींत. ज्याला लिहितां येत नव्हतें त्यानें निशाणी केली व कारकुनानें तिच्याशेजारीं त्याचें नांव लिहिलें. म्हणून अक्षर कोणाचें हें आधीं पाहावें. एकाच माणसाचें नांव तीन याद्यांत तीन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळणें ही अगदीं रोजची गोष्ट आहे. येथें आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. याच बंदरांत ज्या आफ्रिकन माणसांना विकण्यासाठीं आणिलें त्यांची शपथ कोणीं घेतली नाहीं व सही कोणीं मागितली नाहीं. त्यांच्या वंशजांना आपल्या पूर्वजाचें नांव मालकाच्या मालमत्तेच्या यादींत, गुराढोरांच्या शेजारच्या ओळींत शोधावें लागतें.

नांवांच्या घोटाळ्याचें कारण कारकुनाचें अज्ञान एवढेंच नव्हे. पॅलॅटिनेटकडील बोलींत प आणि ब, ट आणि ड, क आणि ग यांतला भेद परक्याच्या कानास लवकर कळत नाहीं. बोलणारा ‘डील’ म्हणाला तर लिहिणारा ‘टील’ ऐकतो. जर्मन भाषेंत ‘म्युलर’ असें लिहिलें जाणारें आडनांव त्या बोलींत ‘मिलर’ असेंच उच्चारीत; म्हणून अमेरिकेंतील शेंकडों मिलर घराण्यांनीं आपल्या नांवाचें भाषांतर केलें असें नसून तें बोलत तसेंच लिहिलें गेलें, आणि योगायोगानें दोन्ही भाषांत त्याचा अर्थ गिरणवाला असाच होतो. खरें भाषांतरही होई. झिमरमानचा कार्पेंटर, श्वार्ट्झचा ब्लॅक, क्योनिगचा किंग. कधीं कधीं एका घरांतले दोन भाऊ दोन निरनिराळ्या गांवीं जात, एक जर्मन आडनांव ठेवी व दुसरा इंग्रजी घेई, आणि तिसऱ्या पिढींत त्यांचीं नातवंडें एकमेकांस ओळखीनाशीं होत. अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष अशाच घराण्यांतले होते. १९२९ सालीं अधिकारारूढ झालेल्या हर्बर्ट हूव्हर यांचें मूळ आडनांव हूबर. त्यांचा पूर्वज १७३८ सालीं पॅलॅटिनेटमधून आला. १९५३ सालीं अध्यक्ष झालेल्या आयझेनहॉवर यांचा पूर्वज हान्स निकोलस आयझेनहाउअर हा झार प्रांतांतील कार्ल्सब्रुन गांवचा. तो १७४१ सालीं ‘युरोपा’ जहाजानें फिलाडेल्फियास उतरला.

आडनांवाहून अधिक चकविणारें तें पाळण्यांतलें नांव. त्या काळीं जर्मन मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळीं दोन नांवें देत, आणि पहिलें बहुधा ‘योहान’. योहान पेटर, योहान आडाम, योहान गेओर्ग हे तिघे सख्खे भाऊ एकाच घरांत असत. घरांत व गांवांत त्यांना पेटर, आडाम, गेओर्ग म्हणूनच हांक मारीत. योहान हें नांव नुसतें पुढें लाविलेलें. म्हणून यादींत ‘जॉन’ आढळला तर तो कोणता, हें सांगतां येत नाहीं. पण ‘योहानेस’ असें पूर्ण नांव असेल तर तें मात्र खरें हांक मारण्याचें नांव होय. मुलींत आना मारिया, आना बार्बारा, मारिया एलिझाबेटा अशीं जोडनांवें, आणि बापाच्या आडनांवाला ‘इन’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय. वेबरची मुलगी वेबेरिन. हें ज्याला ठाऊक नाहीं तो वेबेरिन हें निराळेंच आडनांव समजून भलत्या घराण्याच्या मागें लागतो.

येथवर अमेरिकेकडील बाजू झाली. समुद्राच्या पलीकडील बाजूस पाऊल टाकावयाचें तर गांवाचें नांव हातीं पाहिजे. ‘जर्मनी’ एवढें कळून कांहींच उपयोग नाहीं, कारण त्या शतकांत जर्मनी नांवाचें एक राज्यच नव्हतें. लहानमोठीं शेंकडों संस्थानें होतीं. दक्षिण महाराष्ट्रांतील जुन्या संस्थानांचा नकाशा ज्यांनीं पाहिला असेल त्यांना याची कल्पना येईल. एका संस्थानांतल्या खेड्यांतही जमीन एकाची, कर दुसऱ्याचा व ख्रिस्तमंदिर तिसऱ्याच्या आश्रयाखालचें, असें असे. त्यामुळें दप्तरें स्पायर, कार्ल्सरूह, स्टुटगार्ट अशा निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेलीं आहेत. त्यांत एक प्रकारची नोंद फार मोलाची असते. कित्येक संस्थानांतला शेतकरी हा धन्याशीं बांधलेला असे. त्याला देश सोडावयाचा तर पैसे भरून मोकळीक घ्यावी लागे, आणि बाहेर नेत असलेल्या मालमत्तेवर, बहुधा दहावा हिस्सा, करही द्यावा लागे. त्या पावत्यांतून ‘अमुक कुटुंब पेन्सिल्व्हानियास निघालें’ असें लिहिलेलें सांपडतें. अर्थात् ज्याच्यापाशीं भरावयास कांहीं नव्हतें तो रात्रीच चालता झाला, व त्याचा पत्ता या पावत्यांत नाहीं.

मुख्य आधार मात्र गांवच्या मंडळीच्या नोंदवहीचा. प्रॉटेस्टंट गांवांतून अशा वह्या सोळाव्या शतकापासून ठेवूं लागले. युद्धांत पुष्कळ जळाल्या, तरी १६५० नंतरच्या बऱ्याच उरल्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदींत बालकाचें, आईबापांचें व धर्मपिता-धर्ममातेचें नांव असतें. बापाचा धंदाही पुष्कळदां असतो. क्वचित् पाळकानें समासांत ‘हे अमेरिकेस गेले’ असें चार शब्दांचें टिपण केलेलें असतें, आणि तें सांपडलें म्हणजे शोधकाला कोण आनंद होतो! या वह्या वाचणें सोपें नाहीं. आजच्या सुशिक्षित जर्मन मनुष्यासही ती जुनी वळणदार लिपि वाचतां येत नाहीं. आपल्यापैकीं कितीजणांना पणजोबांचा मोडी कागद वाचतां येतो, यावरून वाचकांनीं ओळखावें. कालगणनाही जपून पाहावी लागते. जर्मनींतील प्रॉटेस्टंट संस्थानांनीं १७०० सालीं नवें पंचांग स्वीकारलें, इंग्रजी वसाहतींनीं १७५२ सालीं. त्या मधल्या काळांत दोहोंकडील तारखांत अकरा दिवसांचें अंतर पडतें, आणि इंग्रजांचें सरकारी वर्ष तर २५ मार्चला सुरू होई. मूल जन्मण्यापूर्वीं त्याचा बाप्तिस्मा झाला असें कागदावर दिसूं लागलें, तर चमत्कार मानण्यापूर्वीं पंचांग पाहावें.

समजा, गांव सांपडलें, वही सांपडली आणि तींत हवें तें नांव हव्या त्या वर्षीं सांपडलें. शोध संपला काय? पुष्कळजण येथेंच लेखणी खालीं ठेवितात, आणि म्हणूनच छापील वंशावळींत इतक्या खोट्या शाखा फुटलेल्या आहेत. त्या काळीं मुलें फार मरत. पहिलें मूल गेलें तर पुढच्याला तेंच नांव देत. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद मिळाली कीं लगेच दफनाची वही उघडावी. ज्याला आपण पेन्सिल्व्हानियांतला पूर्वज समजतों तें बालक दोन वर्षांचें होऊन त्याच गांवच्या मातींत गेलेलें असण्याचा फार संभव असतो. नंतर पुढच्या वर्षांच्या नोंदी चाळाव्या. जो मनुष्य १७३८ सालीं फिलाडेल्फियास उतरला म्हणावा तोच १७४५ सालीं आपल्या गांवीं कोणाचा धर्मपिता म्हणून उभा राहिलेला दिसला, तर तो मनुष्य तो नव्हेच. ज्या कुटुंबाच्या नोंदी जहाज निघण्याच्या सुमारास एकाएकीं बंद पडतात, तें कुटुंब धरावें. एका गांवांत एकाच नांवाचे तीन योहान म्युलर असूं शकतात. नांव जुळणें हा पुरावा नव्हे. तो नुसता शोधाचा आरंभ आहे.

मग पुरावा कोणता? आमच्या मतें या साऱ्या विद्येंतला कळीचा मुद्दा हाच आहे. मनुष्य एकटा गेला नाहीं. तो शेजाऱ्यांबरोबर, मेव्हण्याबरोबर, एका ख्रिस्तमंदिरांत बसणाऱ्या मंडळीबरोबर गेला. जहाजाच्या यादींत त्यानें ज्यांच्या मागेंपुढें सही केली ते त्याचे ओळखीचे होते. पलीकडे त्याच्या मुलांचे धर्मपिता झाले तेही बहुधा तेच. म्हणून त्या एकट्याला न शोधतां त्याच्या सोबतीस शोधावें. हेन्री जोन्स नांवाच्या अमेरिकन संशोधकानें १७१० सालीं न्यूयॉर्कास गेलेल्या ८४७ कुटुंबांचा अभ्यास करून १९८५ सालीं दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत पांचशेंहून अधिक कुटुंबांचीं मूळ ठिकाणें त्यांनीं लाविलीं तीं याच रीतीनें: एका कुटुंबाचें गांव निश्चित झालें कीं त्याच्या भोंवतालच्या खेड्यांच्या वह्या एकामागून एक पाहावयाच्या, आणि हडसनकांठच्या शेजाऱ्यांचीं नांवें तेथें भेटतात कीं काय हें ताडावयाचें. पुष्कळदां तीं भेटत. सामान्य नांवाच्या मनुष्याचा शोध त्याच्या विरळ नांवाच्या शेजाऱ्यामुळें लागे.

एखाद्याचें भाग्य असें कीं त्यानें स्वतःच सर्व लिहून ठेविलें. कोन्राड वायझर हा त्यांपैकीं. तो १६९६ सालीं वुर्टेंबर्गमधील आफश्टेट येथें जन्मला. घराणें ग्रोस-आस्पाख गांवचें. १७०९ सालच्या मे महिन्यांत आई वारली, आणि पुढच्याच महिन्यांत बापानें आठ मुलें घेऊन गांव सोडिलें. कोन्राड १७१२-१३ च्या हिंवाळ्यांत मोहॉक लोकांत राहून त्यांची भाषा शिकला, आणि १७२९ सालीं पेन्सिल्व्हानियांत येऊन पुढें मूळ रहिवासी व इंग्रज यांच्यामधला मोठा दुभाषी झाला. त्याची मुलगी आना मारिया हिचें १७४५ सालीं पाद्री हेन्री मेल्कियर म्यूलेनबर्ग यांच्याशीं लग्न झालें. त्यांचा एक मुलगा फ्रेडरिक हा १७८९ सालीं संयुक्त संस्थानांच्या प्रतिनिधिगृहाचा पहिला अध्यक्ष झाला. हे म्यूलेनबर्ग १७४२ सालीं आले ते जर्मनींतील हाले गांवच्या संस्थेकडून, आणि त्यांनीं पाठविलेले वृत्तांत हाले येथें छापले जात. आमच्या वाचकांस हें नांव परकें वाटूं नये. याच हाले येथें शिकलेला त्सीगेनबाल्ग १७०६ सालीं तरंगंबाडीस उतरला. येथूनच आलेल्या श्वार्ट्झ यांच्यावर तंजावरच्या तुळजाजी राजे भोसल्यांनीं १७८७ सालीं आपल्या दत्तक मुलाचा, म्हणजे पुढें विद्याव्यासंगानें प्रसिद्धीस आलेल्या सरफोजी राजांचा सांभाळ सोंपविला. पेन्सिल्व्हानियांतील शेतकऱ्यांच्या बाप्तिस्म्याचे आणि तंजावरच्या मराठी दरबाराचे समाचार एकाच संस्थेच्या दारीं येऊन पडत होते.

दुसरे पाळक एवढे व्यवस्थित नव्हते, परंतु उपयोगी होते. योहान कास्पर श्टोव्हर हा लूथरपंथी पाळक १७३० च्या सुमारापासून घोड्यावर बसून वस्त्यावस्त्यांतून हिंडे, आणि जेथें जेथें बाप्तिस्मा किंवा लग्न लावी तेथली नोंद आपल्या खाजगी वहींत करी. ज्या रानांत अजून ख्रिस्तमंदिरच उभें राहिलें नव्हतें तेथल्या कुटुंबांचा कित्येकदां तोच एक आधार आहे. यांशिवाय थडग्यांवरचे जर्मन लेख, घरच्या बायबलाच्या कोऱ्या पानांवरचीं टिपणें, पक्षी व फुलें काढून रंगविलेलीं बाप्तिस्म्याचीं पत्रें आणि जर्मनटाउनच्या क्रिस्टोफ झाउअर यानें १७३९ पासून काढलेलें जर्मन वर्तमानपत्र, हीं साधनें आहेत. त्या वर्तमानपत्रांत चुकलेल्या आप्तांचा शोध करणाऱ्या जाहिराती येत, व त्यांत मूळ गांवाचें नांव पुष्कळदां असे. अलीकडे बरेंच काम घरबसल्या होतें. अमेरिकेंतील युटा येथील वंशावळ-मंडळानें १९३८ सालापासून जगभरच्या नोंदवह्या चित्रफितींवर घेण्यास आरंभ केला, आणि २०१५ सालापासून जर्मनींतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या पुष्कळ वह्या ‘आर्खिऑन’ या संकेतस्थळावर पैसे भरून पाहतां येतात. लाळेच्या परीक्षेवरून दूरचे आप्त कळतात हेंही खरें, पण त्या परीक्षेंत खेड्याचें नांव लिहिलेलें येत नाहीं.

जेथें हौस तेथें ठकही असावयाचेच. श्रीमंतांस पैसे घेऊन थोर कुळें जोडून देणारा गुस्ताव अंझू नांवाचा मनुष्य अमेरिकेंत होऊन गेला. तो १९४२ सालीं वारला, पण त्यानें रचिलेल्या खोट्या वंशावळी ग्रंथालयांतून अजून चालत आहेत. बिनपैशाच्या दंतकथाही कांहीं कमी नाहींत. ‘तीन भाऊ मिळून आले, एक उत्तरेस गेला, एक दक्षिणेस व एक पश्चिमेस,’ ही कथा इतक्या घराण्यांत सांगतात कीं ती ऐकली कीं अनुभवी शोधक हंसतो. कोणी सांगतो आमचा मूळपुरुष सरदार होता. खरें पाहतां यादींतील बहुतेक माणसें शेतकरी, विणकर, सुतार, चांभार अशीं होतीं, आणि त्यांतल्या पुष्कळांपाशीं जहाजाचें भाडेंही नव्हतें.

या भाड्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. आमच्याच धंद्यांतला गॉटलीब मिटेलबर्गर नांवाचा शिक्षक व वादक १७५० सालीं एका ख्रिस्तमंदिरासाठीं ऑर्गन घेऊन पेन्सिल्व्हानियास गेला, १७५४ सालीं परतला, व १७५६ सालीं त्यानें आपला वृत्तांत छापला. लोकांनीं देशांतर करूं नये हा त्याचा हेतु होता, तेव्हां थोडी भर त्यानें घातली असेल. तरी मुख्य गोष्टींस दुसरा आधार आहे. हायलब्रोनपासून हॉलंडपर्यंत ऱ्हाईनच्या वाटेवर ३६ जकातनाकीं होतीं असें तो सांगतो. प्रत्येक नाक्यावर नावा थांबत व लोकांजवळचे पैसे वाटेंतच सरत. मग जहाजवाला उधारीवर नेई, आणि पलीकडे पोंचल्यावर ज्यानें तें देणें फेडलें त्याच्याकडे उतारूनें तीन ते सहा वर्षें राबावें असा करार होई. पांच ते दहा वर्षांच्या मुलांस एकवीस वर्षांचें होईपर्यंत राबावें लागे. निम्मी वाट संपल्यावर नवरा वारला तर त्याचेंही भाडें विधवेनें किंवा मुलांनीं फेडावयाचें. आईबाप एका शेतावर, मुलें दुसऱ्या परगण्यांत. कित्येकांची पुन्हां भेट झाली नाहीं. फिलाडेल्फियाच्या मेयरच्या कचेरींत झालेल्या अशा करारांची १७७१ ते १७७३ या काळाची वही शिल्लक आहे व ती छापलीही आहे. तींत ज्या बायकांचीं व मुलांचीं नांवें आहेत तीं जहाजांच्या याद्यांत सांपडावयाचीं नाहींत.

न्यूयॉर्कांतही असेंच झालें होतें. १७१० च्या प्रवासांत व त्यानंतर शेंकडों माणसें मेलीं. गव्हर्नर हंटरनें पोरक्या मुलांनाच नव्हे, तर ज्यांचे आईबाप जिवंत होते अशांपैकींही पुष्कळांना वसाहतींतल्या लोकांकडे उमेदवार म्हणून बांधून दिलें. कोन्राड वायझरचे दोन धाकटे भाऊ असेच लाँग आयलंडवर गेले. त्याच वर्षीं योहान पेटर झेंगर नांवाच्या तेरा वर्षांच्या मुलास विल्यम ब्रॅडफर्ड या मुद्रकाकडे आठ वर्षांसाठीं ठेविलें. त्याची आई योहाना विधवा होती. हाच झेंगर पुढें वर्तमानपत्र काढून गव्हर्नरावर टीका करूं लागला, आणि १७३५ सालीं त्याच्यावर खटला होऊन पंचांनीं त्यास निर्दोष सोडिलें. १७१० ते १७१४ या वर्षांत बांधून दिलेल्या त्या मुलांची यादी आज उपलब्ध आहे. तींत मुलाचें नांव, वय, आईबाप आणि ज्याच्या स्वाधीन केलें त्याचें नांव व ठिकाण आहे. कित्येक मुलांच्या पुढें आईबापांच्या जागीं ते मेले एवढेंच लिहिलें आहे. लंडनच्या छावणींत १७०९ सालीं दोन जर्मन पाद्र्यांनीं आलेल्या कुटुंबांची यादी केली होती, तींत मुलांचीं वयें आहेत. तीं वयें आणि या यादींतलीं वयें जुळवून, व त्यांना हंटरच्या शिध्याच्या हिशेबाशीं ताडून, आठ-नऊ वर्षांची असतांना परक्याच्या घरीं गेलेली एखादी मुलगी कोणाची होती हें आतां कधीं कधीं सांगतां येतें.